गुडघा बदलला, आता चालायला कोण शिकवणार?

गुडघ्याचे ऑपरेशन दोन-एक तासांत आटोपते. पण रुग्ण पुन्हा बिनधास्त जिना चढू लागेपर्यंत कित्येक आठवडे जातात. ही मेहनत करून घेण्यासाठी अमेरिकेत एक स्वतंत्र पेशाच उभा राहिला आहे. त्याचे नाव फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. आपण जिला फिजिओथेरपी म्हणतो, तिलाच तेथे फिजिकल थेरपी म्हणतात.

थेरपिस्टांची संख्या गरजेच्या मानाने अपुरी पडू लागली, तेव्हा १९६७ साली तेथील थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने असे सहायक तयार करण्याचे धोरण मान्य केले. १९६९ मध्ये त्यांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली.

थेरपिस्ट आणि असिस्टंट यांच्यातला फरक कापडवाल्यांना चटकन समजेल. कटिंग मास्टर माप घेतो, कापड बेततो, कारागीर शिवतो. त्याचप्रमाणे थेरपिस्ट रुग्णाला तपासतो, निदान करतो आणि उपचाराचा आराखडा ठरवतो. असिस्टंट तो आराखडा अमलात आणतो. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधून त्याला वॉकरने चालविणे, व्यायाम करून घेणे, सांधा किती अंशांत वाकतो ते मोजणे, घरच्या मंडळींना रुग्णाला कसे उठवावे हे शिकविणे आणि रोजची नोंद ठेवणे, ही त्याची कामे. आराखडा बदलण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

म्हणून त्याचे काम हलके आहे असे कोणी समजू नये. पुष्कळदा रुग्णाचा सर्वांत जास्त वेळ याच माणसाबरोबर जातो. समजा, ऑपरेशननंतर रुग्णाची पोटरी सुजली, गरम लागली व दुखू लागली. ही शिरेत रक्ताची गाठ झाल्याची खूण असू शकते, आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी “आजचा व्यायाम उरकून टाकू” म्हणणारा माणूस घातक ठरतो. काम तेथेच थांबवून थेरपिस्टला कळविणे, हेच असिस्टंटचे खरे कसब.

आता हिशेबाची बाजू. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात, बाह्यरुग्ण उपचाराचा दहा टक्क्यांहून अधिक भाग असिस्टंटने दिला असेल, तर १ जानेवारी २०२२ पासून नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम मंजूर होते. म्हणजे मेडिकेअरकडून दवाखान्याला मिळणाऱ्या रकमेत १५ टक्के घट. असिस्टंटचा पगार थेरपिस्टपेक्षा कमी असल्याने हा सौदा अनेक ठिकाणी परवडतो. पण केवळ खर्च वाचविण्यासाठी थेरपिस्टची देखरेख सैल पडली, तर तोटा रुग्णाच्या वाट्याला येतो.

आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे जाण्याचा विचार करीत आहेत, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पेशासाठी तेथे मान्यताप्राप्त संस्थेतील साधारण दोन वर्षांची पदवी, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम, राष्ट्रीय परीक्षा आणि त्या त्या राज्याची परवानगी लागते. चार-सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर ही नोकरी मिळवून देतो, असे कोणी दलाल सांगू लागला, तर खिशात हात घालण्यापूर्वी नियम विचारावेत.

ऑपरेशनचे श्रेय सर्जनला मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्ण ज्या दिवशी आधाराविना दारापर्यंत चालत जातो, त्या दिवसामागे या सहायकाची रोजची मेहनत असते.