भान, समज आणि जाण

एखादा मनुष्य मूर्च्छा येऊन पडला तर तो ‘बेशुद्ध’ झाला असें आपण म्हणतों. रागाच्या भरांत आपण कोठें आहोंत व काय बोलतों आहोंत हें जो विसरतो, तो ‘बेभान’ झाला असें म्हणतों. आणि दुसऱ्याच्या घरच्या दुःखाच्या प्रसंगीं जो थट्टामस्करी करीत बसतो, त्याला ‘जाण’ नाहीं असें म्हणून आपण मोकळे होतों. तिघांचेहि डोळे-कान शाबूत आहेत. तिघांच्याहि ठिकाणीं कांहींतरी हरपलें आहे. परंतु जें हरपलें तें प्रत्येकाचें निराळें आहे. आपल्या भाषेनें हे भेद शब्दाशब्दांत जपून ठेवले आहेत. व्यवहारांत मात्र आपण ते पुसून टाकतों, आणि त्यापायीं कित्येक माणसांवर मोठा अन्याय होतो. तो कसा, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम इंद्रियांचें भान घेऊं. डोळा, कान, नाक, जीभ व त्वचा हीं पांच ज्ञानेंद्रियें आपण लहानपणींच शिकतों. आधुनिक शरीरशास्त्र एवढ्यावर थांबत नाहीं. शरीराचा तोल सांभाळणारें एक इंद्रिय कानाच्या आंतल्या भागांत आहे. आणि डोळे मिटले तरी आपला हात कोठें आहे हें आपल्याला कळतें, तें स्नायु व सांधे यांतून मेंदूकडे सतत जाणाऱ्या वार्तांमुळें. या अंतर्गत संवेदनेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं स्वतंत्र नांव दिलें. परंतु इंद्रियें कितीहि मोजलीं तरी तेवढ्यानें ज्ञान होत नाहीं. वाचनांत गढलेल्या मनुष्याला भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकूं येत नाहींत. ध्वनि कानावर पडतो, पण मन तेथें नसतें. आपल्या नैयायिकांनीं हें फार पूर्वीं हेरलें होतें. मन अणुरूप आहे, तें एका वेळीं एकाच इंद्रियाशीं जोडलें जातें, म्हणून दोन ज्ञानें एकदम होत नाहींत, असें त्यांचें मत होतें. मनाचें त्यांनीं केलेलें वर्णन आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो. इंद्रिय व आकलन या दोन वस्तु आहेत, हें त्यांतलें मर्म खरें आहे.

या आकलनालाच आपण ‘समज’ म्हणतों. ती इंद्रियांहून किती निराळी आहे याची साक्ष अमेरिकेंतील हेलन केलर यांच्या चरित्रांत मिळते. त्यांचा जन्म १८८० चा. अवघ्या एकोणीस महिन्यांच्या असतांना एका दुखण्यांत त्यांची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्हीं गेलीं. १८८७ सालच्या मार्च महिन्यांत अ‍ॅन सलिव्हन या त्यांना शिकवावयास आल्या व त्यांच्या तळहातावर बोटांनीं अक्षरें काढूं लागल्या. महिन्याभरानें एका हातावर पंपाचें पाणी पडत असतांना दुसऱ्या हातावर ‘पाणी’ या अर्थाचीं अक्षरें उमटलीं, आणि प्रत्येक वस्तूला नांव असतें हें त्या मुलीच्या एकाएकीं ध्यानांत आलें. १९०४ सालीं त्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या दिवशीं पंपापाशीं त्यांना नवें इंद्रिय लाभलें नाहीं. समजहि तोंपर्यंत नव्हती असें नाहीं, कारण घरच्या माणसांना कळतील अशा कितीतरी खुणा त्यांनीं आधींच बसविल्या होत्या. नव्हती ती वाट. आणि ती वाट दुसऱ्या एका मनुष्यानें काढून दिली.

परंतु शतकानुशतकें जगानें याच्या उलट समजूत बाळगली. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला कळत नाहीं, आणि ज्याला बोलतां येत नाहीं त्याला सांगण्यासारखें कांहीं नाहीं, असें गृहीत धरण्यांत आलें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, जन्मबधिर, मूक, वेडा व मंदबुद्धि यांना एकाच पंक्तीस बसवून वडिलार्जित मालमत्तेचा वांटा नाकारला आहे. त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावें असें पुढें सांगितलें आहे. पश्चिमेकडेहि फारसें वेगळें नव्हतें. ब्लॅकस्टन या इंग्रज कायदेपंडितानें १७६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, जन्मतःच बहिरा, मुका व आंधळा असलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें जडबुद्धीच्याच कोटींत मोडतो, असें लिहून ठेवलें आहे. १८८० सालीं मिलान येथें बधिरांच्या शिक्षणाविषयीं परिषद भरली. बहुतेक प्रतिनिधि ऐकूं येणारे होते. त्यांनीं शाळांतून खुणांची भाषा दूर सारून तोंडी भाषेनेंच शिकवावें असा ठराव केला. पुढें अनेक देशांतील बधिर मुलांना हातांनीं बोलण्याची मनाई झाली. ज्या वाटेनें समज प्रकट व्हावयाची तीच बंद झाली, आणि मग मूल मंद आहे असा शेरा मारणें सोपें झालें! खुणांच्या भाषेला स्वतःची रचना व व्याकरण आहे, हें स्टोको यांनीं १९६० सालीं अभ्यासपूर्वक दाखविलें. आणि मिलानचे ते ठराव व्हँकूव्हर येथील परिषदेनें २०१० सालीं नाकारले.

आपल्याकडे कायद्यानें ही चूक टप्प्याटप्प्यानें सुधारली. १९२८ च्या कायद्यानें मिताक्षरा पद्धतीच्या हिंदु कुटुंबांतील अंध, बधिर व मूक वारसांवरील बंदी उठली. जन्मतः वेडा अथवा जडबुद्धि असलेल्यांवरची तेवढी राहिली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें, कोणत्याहि रोगामुळें वा व्यंगामुळें कोणाचाहि वारसाहक्क जाणार नाहीं, असें स्पष्ट केलें. करारासंबंधींचा १८७२ चा कायदा तर या बाबतींत फार सूक्ष्म विचार करतो. एरवीं मनोरुग्ण असलेला मनुष्य ज्या वेळीं शुद्धीवर असेल त्या वेळीं तो करार करूं शकतो; आणि एरवीं शहाणा असलेला मनुष्य तापाच्या भ्रमांत किंवा दारूच्या अमलाखालीं असेल तर त्याला तो करतां येत नाहीं. म्हणजे मनुष्यावर कायमचा शिक्का न मारतां, या क्षणीं त्याला काय समजतें एवढेंच कायदा विचारतो. १८७२ च्याच पुराव्याच्या कायद्यानें, बोलतां न येणाऱ्या साक्षीदारानें लिहून अथवा खुणांनीं दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच मानली. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यांतहि हें तत्त्व कायम आहे.

कायदा असा सुधारला. घरें सुधारलीं काय? सुशिक्षित कुटुंबांतील एक नेहमींचा प्रकार पाहा. आजीला कमी ऐकूं येऊं लागतें. प्रथम लोक मोठ्यानें बोलतात, मग वैतागून बोलतात, मग ‘कांहीं नाहीं, जाऊं दे’ म्हणून विषय सोडून देतात. लग्नकार्य ठरतें, घर विकलें जातें, डॉक्टर औषध सांगतात तें मुलाला सांगतात. आणि जिनें तें घर चाळीस वर्षें चालविलें तिला कोणी विचारीत नाहीं. ती गप्प बसूं लागली कीं ‘आतां तिला फारसें कळत नाहीं’ असें पाहुण्यांना सांगण्यांत येतें. वस्तुतः गेलें तें ऐकूं येणें; समज गेली असें आपणच ठरविलें.

येथें तिसरा अर्थ येतो, तो ‘जाण’ या शब्दाचा. इंद्रियें जन्माबरोबर येतात, समज वयाबरोबर वाढते. जाण मात्र दुसऱ्याच्या जागीं स्वतःला ठेवून कमवावी लागते. ती डोळसालाहि नसूं शकते व विद्वानालाहि नसूं शकते. आजीच्या समोर, उजेडांत, तिला आपले ओठ दिसतील असें बसावें. ओरडूं नये, सावकाश व स्वच्छ बोलावें. एक वाक्य कळलें नाहीं तर तेंच पुनःपुन्हां न उच्चारतां निराळ्या शब्दांत सांगावें. महत्त्वाचें असेल तें कागदावर लिहून द्यावें. तिचे कान तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. आणि निर्णय तिच्याविषयींचा असेल तर तो तिला विचारूनच घ्यावा. यासाठीं मोठी विद्या लागत नाहीं, थोडा धीर लागतो.

एखाद्याला आपलें बोलणें कळलें नाहीं असें वाटेल तेव्हां दोन प्रश्न स्वतःला विचारावे. त्याला ऐकूं आलें नाहीं, कीं समजलें नाहीं? आणि समजलें नसेल, तर आपण तें त्याला पोंचेल अशा रीतीनें सांगितलें होतें काय? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां ‘नाहीं’ असें येतें. आणि मग जी उणीव आपण त्याच्या ठिकाणीं शोधीत होतों, ती आपल्याच ठिकाणीं सांपडते.