परवानगी द्यायची, पण कशाकशाची?

मैत्रिणींनो, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला आपण स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतो. कपाट काही उघडून दाखवत नाही. एवढं शहाणपण आपल्या सगळ्यांकडे असतं. मग फोन हातात घेतला की ते कुठे जातं? माझं तरी गेलं होतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं, की उन्हाळ्यात माझी साखर जरा वाढलेली निघाली. ‘गोळी नको, सध्या रोज चाला,’ असं डॉक्टर म्हणाले. डबे आणि शाळेतले माझे तास सांभाळून मी पहाटे पद्मतीर्थाकडे फिरायला जाऊ लागले. ह्यांनी फोनवर पावलं मोजणारं एक अ‍ॅप घालून दिलं. रात्री जेवताना आकडा सांगायचा, असा नेमच झाला.

पुढे एक दिवस फोनचं अपडेट झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा शून्य! मी घामाघूम होऊन यायची, आणि फोन म्हणायचा, बाई जागची हललीच नाही. ‘खरंच जातेस ना?’ ह्यांनी हसत विचारलं, पण मला ते लागलं. अ‍ॅप उघडलं की ‘परवानगी नाही’ अशी पाटी. परवानगी द्यायला जावं तर ही भली मोठी यादी! घाबरून मी दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा तर ती यादी यायचीच बंद झाली.

शेवटी दिराच्या मुलाला हाक मारली. ‘काकू, एवढंच ना?’ म्हणत त्याने दोन मिनिटांत ‘अलाउ ऑल’ करून टाकलं. आकडा आला. मी खूश होऊन त्याला बशीभर चिवडा दिला.

रात्री निजानीज झाल्यावर मी ती यादी सावकाश वाचली. पावलं, झोप, वजन, हृदयाचे ठोके... आणि खाली पाळीच्या नोंदी! पाळीच्या तारखा मी दुसऱ्या एका अ‍ॅपवर लिहिते. मागच्या वर्षी मला दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. हे आणि माझी आई सोडून कुणाला ते ठाऊक नाही. फोनला मात्र तारखांसकट ठाऊक होतं, आणि आता पावलं मोजणाऱ्यालाही त्या कप्प्याची किल्ली मिळाली होती. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मग मी नीट माहिती काढली. अँड्रॉइड फोनमधे ‘हेल्थ कनेक्ट’ नावाचं एक कपाटच असतं. अँड्रॉइड १४ (२०२३) पासून ते फोनमधेच बसवलेलं येतं. वेगवेगळी अ‍ॅप्स आपापल्या नोंदी त्यात ठेवतात आणि परवानगी असेल तर एकमेकांच्या वाचतात. परवानगीचा पडदा आपण दोनदा नाकारला, की त्या अ‍ॅपला पुन्हा विचारताच येत नाही. माझा पडदा ‘बिघडला’ तो असा! नव्या अ‍ॅपला साधारणपणे मागच्या ३० दिवसांपर्यंतच्याच नोंदी दिसतात. त्याहून जुन्यांसाठी वेगळी परवानगी लागते. हे वाचलं तेव्हा जीव जरा भांड्यात पडला. पण पुढच्या तारखा तर त्याला दिसल्याच असत्या!

आयफोनची तऱ्हा निराळी. तिथे वाचायची परवानगी तुम्ही नाकारली, हे अ‍ॅपला कळूच देत नाहीत. त्याला नुसतं रिकामं दिसतं. कारण ‘साखरेचा आकडा दाखवणार नाही’ म्हणणारीला साखर असेल, असा तर्क नकारावरूनही करता येतो. किती खरं आहे, नाही?

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. पण ‘फ्लो’ नावाच्या पाळीच्या अ‍ॅपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला होता, की माहिती खाजगी ठेवण्याचं वचन देऊनही त्याने ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना पुरवली. २०२१ साली ते प्रकरण तडजोडीने मिटलं. दहा कोटींहून जास्त जणींनी ते अ‍ॅप वापरलं होतं!

तेव्हा दुपारची कामं आटोपली की एवढं करा:

सेटिंग्जमधे वर शोधायची चौकट असते, तिथे ‘हेल्थ कनेक्ट’ लिहा. आत अ‍ॅप्सच्या परवानग्यांची यादी मिळेल. (आयफोनवर ‘हेल्थ’ अ‍ॅपमधे आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवलं की अ‍ॅप्सची यादी येते.)

एकेका अ‍ॅपला त्याच्या कामापुरतंच द्या. पावलं मोजणाऱ्याला पावलं, बस्स.

आकडे एकदम बंद झाले, तर आधी इथेच पाहा. परवानगी दिसत असूनही आकडा येत नसेल, तर ती काढून पुन्हा द्या, आणि फोन व अ‍ॅप दोन्हींचं अपडेट तपासा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ही यादी पुन्हा चाळा.

लक्षात ठेवा, परवानगी काढल्याने पुढचं थांबतं. अ‍ॅपने आधी नेलेलं परत येत नाही. ते पुसायला त्या अ‍ॅपमधूनच सांगावं लागतं.

आणि संकोच नको. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असं २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदाही म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

दिराच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. रागावले नाही. ‘काकूच्या फोनवर बोट ठेवण्याआधी तिला विचारायचं,’ एवढंच सांगितलं. तोही ओशाळला, आणि घरी जाऊन त्याने आपल्या आईचा फोन तिच्या हाती देऊन तिलाच यादी वाचायला लावली.

माझी पहाटेची फेरी चालूच आहे. कधी आकडा शून्य आला, तर ह्यांना म्हणते, ‘फोनला विचारू नका, माझ्या चपलांना विचारा!’