लहान मुलांची वाटणी

मुलांना वाटून खायला शिकवावे लागते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. "दे रे, ताईला अर्धा दे," असे म्हणत आपण पोराच्या हातातला लाडू मोडतो आणि औदार्याचा पहिला धडा दिल्याचे समाधान मानतो. कामगारांत तीसएक वर्षे हिंडल्यावर आमची ही समजूत बरीच ढिली झाली आहे.

आमची शाळा सहावीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा येथे जे शास्त्रज्ञांचे प्रयोग सांगणार आहोत, ते एका कामगाराला जसे समजले तसे सांगत आहोत, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

जर्मनीतील लाइपझिग येथे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी केलेला एक साधा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो आहे. त्याच्या हातून चिमटा पडतो. तो हात लांबवतो, पण चिमट्यापर्यंत पोचत नाही. समोर अठरा महिन्यांचे मूल, नीट बोलताही न येणारे. ते दुडदुडत जाते आणि चिमटा उचलून त्याच्या हाती देते. अशी निरनिराळी कामे २४ मुलांपुढे मांडली. त्यांपैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. कोणी शाबासकी दिली नव्हती, खाऊ दिला नव्हता. आणि गंमत अशी, की त्याच माणसाने चिमटा मुद्दाम टाकून दिला तर मुले सहसा जागची हलत नसत. अडचण कोणती आणि नुसते टाकणे कोणते, हे त्यांना कळत होते. अर्ज तीन प्रतींत आल्याशिवाय अडचण न दिसणारी मोठी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

पुढे २००८ साली याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मदत केल्याबद्दल ज्या मुलांना खेळणे बक्षीस दिले, ती मुले बक्षीस बंद होताच इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. हे वाचताना आम्हांला एक कारखाना आठवला. तेथे शेजारच्या मशीनवाल्याला पाना लागला तर न मागता हातात मिळे. मग नगावर इन्सेन्टिव्ह आला. महिन्याभरात जो तो आपला पाना कुलपात ठेवू लागला. माणसे तीच होती. (इन्सेन्टिव्ह नको, असे आमचे म्हणणे नाही, आम्हीच त्यासाठी भांडलो आहोत. पण त्याची ही किंमत आम्ही हिशेबात धरली नव्हती.)

मात्र आम्हांला खरोखर जागे केले ते २०११ सालच्या प्रयोगाने. तीन वर्षांच्या दोन मुलांपुढे एक फळी ठेवलेली. तिला दोऱ्या बांधलेल्या. दोघांनी मिळून ओढले तरच फळी पुढे येते. ती आली, की एकाच्या पुढ्यात तीन गोट्या पडतात, दुसऱ्याच्या पुढ्यात एक. अशा वेळी तीन मिळालेले मूल बहुतेक वेळा आपणहून एक गोटी दुसऱ्याला देते. दोन-दोन झाल्या, मिटले! पण काही न ओढता आयत्याच तीन आणि एक गोट्या समोर दिसल्या, तर तेच वय तीन ठेवून घेते. दोघांनी आपापली वेगळी दोरी ओढली, तरीही वाटणी पुष्कळ कमी होते. चिंपांझींना एकत्र ओढण्याने असा काही फरक पडला नाही.

म्हणजे मूल देवदूत असते असे नाही. स्वित्झर्लंडमधील २००८ सालच्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांची बहुतेक मुले मिठाई स्वतःकडेच ठेवताना दिसली, आणि मोठी झाल्यावर वाटू लागली तेव्हाही आपल्या शाळेच्या मुलाला झुकते माप देत होती. मग तीन वर्षांच्या पोराला कळलेले आहे तरी काय? हेच, की दोरी दोघांनी ओढली तर गोट्या दोघांच्या.

हे आम्हांला एकेकाळी ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांत होते. आम्ही अकरा वर्षांचे. चाळीतली सात-आठ पोरे मिळून आम्ही रद्दी आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून भंगारवाल्याला विकत असू. सगळ्यांत धाकटा पाच वर्षांचा. त्याला पोते उचलत नसे, म्हणून त्याच्याकडे फक्त सुतळीचे बंडल. पैसे मोजताना त्याचाही हिस्सा पुरा निघे. त्यावर कधी चर्चा झाल्याचे आठवत नाही. तो बरोबर होता, एवढे पुरे होते.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. चांगला करार होता. गुलाल उधळला गेला. त्याच लाइनवर, त्याच मशीनवर तेवढेच कंत्राटी कामगार होते. त्यांना एक पैसा मिळाला नाही. बोलणी तुटू नयेत म्हणून त्यांचा विषय आम्ही आपणहून मागे घेतला, आणि करारावर सही आमचीच आहे. संध्याकाळी फाटकावर एक कंत्राटी पोरगा पेढा घ्यायला पुढे आला, "अभिनंदन साहेब" म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर आम्हांला बरे वाटले असते.

गोट्यांची हकिगत आम्ही मागाहून कामगारांच्या समितीत सांगितली. एक जुना फिटर म्हणाला, "त्या पोरांना घराचे हप्ते नव्हते, साहेब." त्याचे खरे आहे. हप्त्याने माणसाची मूठ वळते. पण आम्ही त्याला विचारले, कायम कामगाराचा गणवेश निळा आणि कंत्राटी कामगाराचा खाकी का? हजेरी वेगळी, पगाराचा दिवस वेगळा, कँटीनची रांग वेगळी, ती का? काम तर एकच आहे. एक दोरी दोन दिसावी, अशी ही सगळी मांडणी आहे. फळीपुढच्या मुलाला दुसऱ्याचे हात समोर दिसत होते. आपल्याला ते दिसत नाहीत, आणि न दिसणे आपल्याला सोयीचेही पडते.

फिटर काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर दोन खाकी गणवेश दिसू लागले. पुढे आणखी टेबले मिसळली. सुपरवायझरने एकदा हटकले, मग सोडून दिले.

नव्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांच्या पगाराची मागणी पहिली लिहिली आहे. समितीच्या नऊ जणांपैकी तिघांनी विरोध केला, आणि ते तिघे काही वाईट माणसे नव्हेत. बोलण्यांची दुसरी बैठक झाली आहे. ती मागणी वगळली तर बाकीचे लगेच देऊ, असे व्यवस्थापन म्हणते. आम्ही अजून सही केलेली नाही.