एस-३४ च्या नावाने आलेली पोती

वैद्यकीय संशोधनाला पैसा मिळावा म्हणून नागरिकांनी लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. तिचा कळस १९७१ साली झाला. विषय होता कर्करोग.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर औषधोपचार करून आजार काही काळ मागे हटवून दाखवला होता. वैद्यकीय संशोधनाला पैसा मिळावा म्हणून झटणाऱ्या मेरी लास्कर त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांचे पती अल्बर्ट हे जाहिरात व्यवसायातले बडे प्रस्थ. लकी स्ट्राइक सिगारेट घराघरांत पोचवणाऱ्यांपैकी ते एक. १९५२ साली आतड्याच्या कर्करोगाने गेले. नियतीचा हा विनोद क्रूरच म्हणायचा. जाहिरातीची ताकद मात्र लास्करबाईंनी नेमकी ओळखली होती. ९ डिसेंबर १९६९ रोजी वृत्तपत्रात पानभर जाहिरात झळकली. ती राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना लिहिलेले उघडे पत्रच होती: आदल्या वर्षी ३,१८,००० अमेरिकन कर्करोगाने दगावले, तुम्ही मनात आणले तर हा रोग बरा होईल. चंद्रावर माणूस उतरून जेमतेम पाच महिने झाले होते.

जानेवारी १९७१ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी आणि जेकब जॅव्हिट्स यांनी विधेयक मांडले. क्रमांक एस-३४. कर्करोग संशोधनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, ही त्यातली मागणी.

मग आले २० एप्रिलचे सदर. ॲन लँडर्स या नावाने लिहिणाऱ्या बाई एरवी सासू-सुना, नवरा-बायको, शेजारीपाजारी यांच्या भांडणांवर सल्ला देत. लास्करबाईंशी त्यांची मैत्री होती. त्या दिवशी त्यांनी वाचकांना आधीच बजावले: हसायला आला असाल तर आज हे सदर वाचू नका. पुढे कर्करोगाची हकिगत सांगून विनंती केली, की आपापल्या सिनेटरांना लिहा, एस-३४ मंजूर करा. वाचकांनी अक्षरशः तसेच केले. कोणी मूल गमावलेले, कोणी जोडीदार. अनेकांनी तर सदराचे कात्रणच पाकिटात घातले. सिनेटमध्ये पोचलेल्या पत्रांचे अंदाज २,५०,००० पासून १०,००,००० पर्यंत जातात. पोत्यांमागून पोती उपसताना कार्यालयातल्या सेक्रेटरी इतक्या वैतागल्या, की लँडर्सबाईंवरच महाभियोग चालवा, अशा पाट्या काहींनी टेबलावर लावल्या.

७ जुलैला सिनेटमध्ये विधेयक ७९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. एकटे गेलॉर्ड नेल्सन विरोधात राहिले. प्रतिनिधिगृहात मात्र पॉल रॉजर्स यांच्या समितीपुढे शास्त्रज्ञांनी हरकत घेतली: मूलभूत ज्ञान अपुरे आहे, ते हुकमाने येत नाही, आणि कर्करोग संस्था बाकीच्या आरोग्य संशोधनापासून तोडू नये. संख्येने ते थोडे होते, पण शेवटी त्यांचेच म्हणणे टिकले. संस्था राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या छत्राखालीच राहिली.

२३ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी कायद्यावर सही केली. गंमत अशी, की त्या कायद्याचे विधेयक एस-३४ नव्हतेच. श्रेय केनेडींना जाऊ नये म्हणून निक्सन सरकारच्या एस-१८२८ या विधेयकातच नवा मजकूर घातला गेला होता. तीन वर्षांसाठी सुमारे १.५ अब्ज डॉलर मंजूर झाले. १९७६ पर्यंत, म्हणजे देशाच्या द्विशताब्दीपर्यंत, कर्करोग जिंकण्याची भाषा झाली होती. ती फोल ठरली. पत्रांनी तिजोरी उघडली, पेशींचे कोडे काही उलगडले नाही. मात्र राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपल्या गरजांचे अंदाजपत्रक थेट राष्ट्राध्यक्षांकडे पाठवायचे, ही त्या कायद्यातली तरतूद आजही पाळली जाते.