केस वाढवताय? आधी गुंता आवरा!

“काही केल्या माझे केस वाढतच नाहीत हो!” ही तक्रार बायकांच्या घोळक्यात एकदा तरी निघाल्याशिवाय राहत नाही. कुणाचे बाळंतपणानंतर गळालेले असतात, कुणाचे तापातून उठल्यावर विरळ झालेले असतात, तर कुणी हौसेने कापलेले केस पुन्हा वाढवायला घेतलेले असतात. मग तेलं बदलून होतात, नवस बोलायचेच काय ते बाकी राहतात! आणि वेणी आपली खांद्याखाली चार बोटं, तिथेच अडलेली.

मैत्रिणींनो, बहुतेकींच्या बाबतीत केस वाढत नाहीत हे खरंच नसतं. मुळाशी ते गुपचूप वाढत असतात आणि खाली शेंड्याला तेवढेच तुटत असतात. जमेइतकाच खर्च झाला तर शिल्लक कुठून दिसणार? म्हणून वाढीच्या औषधामागे धावण्याआधी ही तूट थांबवावी. ती थांबवणं आपल्या हातात आहे, आणि त्याला पैसाही फारसा पडत नाही.

वेणीचा शेंडा किती वर्षांचा?

डोक्याचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम सहा इंच. या हिशेबाने अडीच फुटी वेणीचा शेंडा पाच वर्षांचा झाला! पाच वर्षांची उन्हं, पाच पावसाळे आणि रोजची वेणीफणी त्याने सोसलेली असते. शिवाय केसाचा जिवंत भाग तेवढा मुळाशी. बाहेर दिसतो तो निर्जीव धागा. तो एकदा चिरला की आपण होऊन सांधत नाही.

केसावर अतिशय बारीक पापुद्र्यांचं आवरण असतं. आपल्या घरावरची कौलं जशी एकावर एक, उताराच्या दिशेने बसवलेली असतात, तसेच हे पापुद्रे मुळाकडून शेंड्याकडे बसलेले असतात. कौलं नीट बसलेली असतील तर पाणी सरळ वाहून जातं. पण उलट हाताने चोळलं, खसाखसा घासलं की ती उचकटतात. उचकटलेले केस एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. तो आपण घाईघाईने ओढतो आणि केस तुटतो. पुढे जे काही सांगणार आहे, त्याचं सगळं मर्म या कौलांतच आहे.

न्हाण्याआधी तेल

भाट्याला नारळ संशोधन केंद्र असलेल्या गावात खोबरेलाचं कौतुक मी काय सांगावं! पण आजीचं म्हणणं प्रयोगातही उतरलं आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. धुताना केसातलं प्रथिन झिजून जातं. ती झीज या तिन्हींत फक्त खोबरेलाने कमी झाली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवावं. पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं मुख्य आम्ल लहान आणि सरळ बांध्याचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. बाकीची तेलं बरीचशी वरच राहतात.

तेव्हा तेल लावायचं ते न्हाण्याआधी, तासभर किंवा आदल्या रात्री. कमरेपर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरतात. टाळूवर थापण्यापेक्षा ते केसांच्या लांबीला आणि शेंड्यांना चोपडावं. डोकं तेलाने निथळत ठेवलं तर धूळ चिकटते आणि मग ते काढायला साबणही जास्त लागतो.

न्हाताना

अंगाचा साबण केसांना लावू नये. त्याने पापुद्रे उचकटतात, आणि पाणी जड असेल तर वर पांढरी साय धरते. खाडीकाठच्या ज्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तिथल्या बायकांनी शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्यावेत.

शिकेकाई उत्तमच, पण ती गाळलेली हवी. पूड तशीच थापली तर तिचे कण केसांत अडकून राहतात आणि वाळल्यावर नवा गुंता तयार! शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्यात आणि पाणी सुती फडक्यातून गाळून घ्यावं. शांपू वापरणाऱ्यांनीही तो टाळूपुरता लावावा. शेवटी परसातल्या जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून त्याचा बुळबुळीत रस केसांना लावून धुवावा. तो गुळगुळीतपणा गुंता सोडवायला मोठा कामाचा. बाजारचं कंडिशनर हेच काम करतं; ज्यांना परवडतं त्यांनी ते खुशाल वापरावं.

केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घोळू नयेत. मान खाली घालून, सगळे केस पुढे टाकून न्हाण्याचीही अनेकींना सवय असते. लांब केसांचा अर्धा गुंता तिथेच होतो. ताठ बसावं, पाणी वरून खाली जाऊ द्यावं.

पावसाळ्याचे चार महिने

ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो आणि मग तटकन तुटतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे चार महिने केस धड वाळतच नाहीत. मी शाळेत शिकवते. जुलैत पहिल्या तासाला वर्गात शिरावं तर निम्म्या मुलींच्या वेण्या ओल्या, घट्ट आवळलेल्या आणि कुबट वास मारणाऱ्या! सकाळी सहाला न्हाऊन सातला वेण्या घातल्या तर दुसरं काय होणार?

आयांनो, पावसाळ्यात मुलींचं न्हाणं शनिवारी दुपारी किंवा रविवारी ठेवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्या. केस पंख्याखाली मोकळे वाळू द्या. शेगडीवर धुरी द्यायची आपली जुनी रीतही चांगली, फक्त निखारा हातभर लांब असावा.

विंचरावं कसं?

कंगवा मोठ्या दातांचा, गुळगुळीत घ्यावा. सुरुवात शेंड्यापासून. आधी खालची चार बोटं सोडवावीत, मग त्याच्या वरची, असं करत मुळापर्यंत यावं. कंगवा फिरतो तो मात्र वरून खालीच. गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरले की मुळाला ओढ बसत नाही आणि पोरीही रडत नाहीत.

बारीक दातांची फणी फक्त उवा-लिखांसाठी. उवा झाल्याच तर औषधाच्या दुकानातलं औषध त्यावर लिहिल्याप्रमाणे वापरावं. डोक्याला घासलेट लावण्याचा प्रकार तर अजिबात करू नये. कातडी भाजते आणि पेट घेण्याची भीती असते ती वेगळीच.

कंगव्यात रोज पन्नास ते शंभर केस आले तरी घाबरू नये, तेवढे गळायचेच. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तर मूठमूठ गळतात, पण बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. त्यानंतरही गळती थांबली नाही, थकवा येत असेल किंवा चाई पडल्यासारखे चट्टे दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवावं. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा विकार ही कारणं तेलाने बरी होत नाहीत.

झोपताना सैल वेणी घालावी. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवला तर घर्षण कमी होतं. साधं रबर लावू नये, कापडी बंद वापरावा. कपाळावरचे केस ताणून अंबाडा घालू नये, तिथलं टक्कल पुढे भरून येत नाही. स्कूटरवर आणि एस.टी.च्या खिडकीशी केस रुमालाने बांधावेत. दर तीन-चार महिन्यांनी फाटे फुटलेले शेंडे अर्धा इंच कापावेत. कापल्याने केस जोरात वाढत नाहीत, पण चिरत वर जायचे थांबतात.

गुंता झाला, देवी नव्हे

आता थोडं गंभीर बोलते. गळणारे केस वेणीतून निघालेच नाहीत तर जातात कुठे? तिथेच अडकून राहतात. तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या बाईचे केस विंचरलेच नाहीत, तर हजार-दीड हजार सुटे केस बाकीच्यांभोवती पीळ घालून बसतात. त्यात घाम, तेल, उवा. मग मानेशी घट्ट गोळा होतो. त्यालाच आपण जट म्हणतो.

आमच्या शाळेतली एक मुलगी विषमज्वरातून उठून आली ती डोक्याला रुमाल बांधूनच. मागे लिंबाएवढा गोळा झालेला. शेजारच्या म्हातारीने सांगितलं होतं, “देवीची जट आलीय, हात लावू नका, घरावर कोप होईल.” आई भेदरलेली. आम्ही दोघींनी पोरीला जवळ घेतलं, भरपूर खोबरेल जिरवलं आणि विणकामाच्या सुईने खालून एकेक बट मोकळी केली. दोन दुपारी लागल्या. कोप कुणाचा झाला नाही. मुलगी वेणी घालून वर्गात आली.

तिचं दोन दुपारीत निभावलं. ज्यांचं निभावलं नाही अशा कितीतरी बाया महाराष्ट्रात आणि सीमाभागात वर्षानुवर्षं ते ओझं वागवत आल्या. धुवायचं नाही, कापायचं नाही. मान दुखते, खाली जखमा होतात, झोप नाही. जट आली म्हणून मुलीला सौंदत्तीच्या यल्लमाला सोडण्याची चाल होती. त्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथाबंदीचे कायदे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटा सोडवण्याचं काम हाती घेतलं. २०१३ साली पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, पण काम थांबलं नाही. पूर्वी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी समितीच्या कार्यकर्त्या म्हणून शंभराहून अधिक बायकांच्या जटा कापल्या आहेत. कात्री चालवायला थोडाच वेळ लागतो. घरच्यांची भीती घालवायला कितीतरी फेऱ्या माराव्या लागतात.

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. युरोपातल्या पोलंडमध्येही लोक जट कापली तर आंधळेपण किंवा आजार येतो असं समजत. एकोणिसाव्या शतकात क्राकोच्या डॉ. युझेफ डीट्ल यांनी त्याविरुद्ध मोहीम काढली. वैद्यकाच्या पुस्तकात आजही या विकाराचं एक नाव ‘पोलंडची वेणी’ असं आहे. आपली देवी पोलंडात कशाला जाईल? गुंता मात्र कुठल्याही डोक्यात होतो.

घरात कुणी आजारी असेल तर औषधाच्या वेळेसारखीच वेणीफणीचीही वेळ ठेवा. केसांचे मधोमध दोन भाग करून कानामागे दोन सैल वेण्या घाला, म्हणजे उशीखाली गोळा होत नाही. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड सोडून विंचरा. तरीही गाठ बसलीच तर आधी पाणी लावू नका. भिजवून चोळलं की ती अधिकच आवळते. तेल लावा, बोटांनी उकला, घाई करू नका. सुटलीच नाही तर सरळ कापा. केसच आहेत, महिन्याला एक सेंटिमीटर परत येतात!