स्वस्तातली दुर्बीण घेताना

सास्तूरजवळ माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. तिथे लांब पाण्यात बसलेला पक्षी बदक की पाणकावळा, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दुर्बीण घ्यायची, तर बजेट पाच-सात हजारांचं. मग पाहायचं काय?

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे किती पट मोठं दिसेल ते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. हा आकडा मोठा असला की सांजवेळीही नीट दिसतं. दुकानदार २० पटीची पुढे करेल, पण हातात धरल्यावर तिच्यातलं चित्र इतकं थरथरतं की पक्ष्याची चोचही धड दिसत नाही. झूमवाली तर या किमतीत नकोच.

सरळ नळ्यांची दुर्बीण दिसायला ऐटबाज. पण कमी पैशांत जुन्या, रुंद खांद्यांच्या पोरो प्रिझमचीच बहुधा सरस निघते. फक्त ती पावसापासून जपावी लागते.

दुकानात एक करा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका दिसेल. तो गोल असेल तर उत्तम. कडा करड्या, चौकोनी दिसल्या तर प्रिझमची काच हलकी. चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. पूर्ण वर्तुळ दिसत नसेल, तर ती दुर्बीण तुमच्या कामाची नाही.