एक माणूस, एक गिटार आणि उडून गेलेली माती

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून घरी आला तो खांद्याला भली मोठी काळी पिशवी अडकवून. आमच्या आईला वाटले, पोराने फवारणीचा पंप आणला. पिशवीतून निघाली गिटार. रात्री जेवणे आटोपल्यावर तो ओट्यावर बसून ती वाजवू लागला आणि इंग्रजीत काहीतरी गाऊ लागला. मी आपला वर्तमानपत्र चाळत होतो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "काका, हा तुमच्याच खात्यातला माणूस आहे बरं का. मातीवर गाणी करणारा."

"कोण रे?"

"वुडी गथ्री. अमेरिकेत धुळीची वादळं झाली होती ना, तेव्हाचा."

गायकाचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते, पण ती वादळे मला चांगली ठाऊक होती. कृषी महाविद्यालयात मृद्संधारणाच्या पुस्तकात एक फोटो होता. ओक्लाहोमातला एक शेतकरी आणि त्याची दोन पोरे धुळीच्या लोटातून घराकडे पळत आहेत. १९३६ सालचा. परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न हमखास येई, म्हणून मी कारणे पाठ केली होती. त्या पळणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले हे मात्र तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही माझ्या मनात आले नाही.

वाचकहो, ती कारणे आधी सांगतो, कारण त्याशिवाय गाणे कळायचे नाही. अमेरिकेच्या मध्यभागी मोठी सपाट मैदाने आहेत. पाऊस बेताचा, वारा मात्र बारमाही. तिथे आखूड पण दाट मुळांचे गवत होते आणि त्या मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला. ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले आणि माणसांनी मैलोगणती कुरणे नांगरून गहू पेरला. मग १९३० च्या सुमारास भाव कोसळले. पाठोपाठ दुष्काळ पडला. पीक नाही, गवतही नाही, रान उघडे. वाऱ्याने माती उचलली. १४ एप्रिल १९३५, रविवार, त्या दिवशी असे काळे वादळ आले की भर दिवसा घरातल्या माणसाला समोरचा माणूस दिसेना. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने मृद्संधारणाचे स्वतंत्र खाते काढले. समपातळीची मशागत, पट्टापेर, वाऱ्याला आडवी झाडांची रांग या ज्या गोष्टी मी तुम्हाला चावडीवर सांगतो, त्यांतल्या बऱ्याच तिथे अशा ठेचा खाऊनच रुजल्या.

त्या रविवारी टेक्सासमधल्या पँपा गावात बावीस वर्षांचा एक तरुण होता. वुडी गथ्री. जन्म १९१२, ओक्लाहोमातल्या ओकीमा गावचा. शेतकरी नव्हता, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत असे. घरची कथा करुण. बहीण भाजून गेली. आईला मेंदूचा आनुवंशिक आजार, ती इस्पितळातच वारली. पँपात चुलत्याकडून तो गिटार शिकला. वादळात माणसे एकमेकांना म्हणू लागली की आता जगाचा शेवट आला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेऊ लागली. याने त्या निरोपावरच गाणे केले, तेही काहीसे थट्टेच्या सुरात. मला हे फार आवडले. गारपिटीनंतर पंचनाम्याला जावे तर झोपलेल्या पिकाकडे बघत एखादा म्हातारा असे काही बोलतो की हसावे की रडावे कळत नाही. तीच ही जात.

पुढे लाखो माणसे मैदाने सोडून निघाली. बरीचशी कॅलिफोर्नियात गेली. तिथे फळबागा आहेत, काम मिळेल या आशेने. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर पहारे बसवले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत धाडले. कालपर्यंत स्वतःची जमीन कसणारा माणूस दुसऱ्याच्या बागेत पीच तोडायला, तोही रोजावर. गथ्री त्यांच्याचबरोबर रस्त्याने, मालगाडीने गेला, त्यांच्या पालांवर बसून गायला. चाली बहुधा जुन्याच घेई, चर्चमधल्या किंवा खेड्यांतल्या, लोकांना आधीच तोंडपाठ असलेल्या. शब्द मात्र कालपरवाचे. १९४० मध्ये त्याच्या या धुळीच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या.

गिटारच का, असे मी पुतण्याला विचारले. त्याने वाजवूनच दाखवले. अंगठ्याने जाड तारेवर ठेका धरायचा आणि बाकीच्या तारांवर बोटे फिरवून सूर भरायचा. म्हणजे ढोलकीवाला आणि पेटीवाला दोघेही एकाच माणसाच्या मांडीवर. सहा तारा आणि लाकडाचा पोकळ डबा, वीज नको की काही नको. अमेरिकेत गेल्या शतकाच्या आरंभी ही वाद्ये टपालाच्या कॅटलॉगमधून स्वस्तात शेतकऱ्यांच्या घरी येत. आपल्याकडे एकतारीवाला किंवा तुणतुणेवाला असाच एकट्याने हिंडतो. पण मला दुसरीच आठवण झाली, जात्याची. माझी आई पहाटे दळताना ओव्या म्हणायची. त्यांतल्या काही ऐकीव, काही तिनेच केलेल्या. कोणासाठी? कोणासाठीच नाही. आम्ही पोरे अर्धवट झोपेत ऐकायचो. एकट्याच्या गाण्यात हीच गोम आहे. माणूस आपल्याशी बोलतो आहे की स्वतःशी, हे ऐकणाऱ्याला नक्की ठरवता येत नाही, म्हणून कान तिकडेच राहतो.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९४१ साली तिथल्या सरकारी वीज विभागाने कोलंबिया नदीवरच्या धरणांचा प्रचार करण्यासाठी गथ्रीला महिनाभर नोकरीला ठेवले. महिन्यात त्याने सव्वीस गाणी केली आणि पगार उचलला २६६ डॉलर ६६ सेंट. धरणाचे पाणी कोरड्या रानाला मिळेल, वणवण करणाऱ्याला जमीन मिळेल, असा त्या गाण्यांचा भाव. आम्ही आयुष्यभर घडीपत्रिका वाटल्या. त्यांत लोकांनी भजी बांधून नेली. खात्यात गाण्याचे 'हेड' असते तर बरे झाले असते असे कधी कधी वाटते. असो.

माणूस म्हणून तो घरच्यांना सुखाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तीन लग्ने, आठ मुले, आणि पाय एका ठिकाणी ठरत नाही. जगाच्या पोरांसाठी गाणी करणाऱ्याच्या स्वतःच्या पोरांनी काय सोसले असेल ते त्यांनाच माहीत. शेवटी आईचाच आजार त्यालाही झाला. हात ऐकेनात, गिटार सुटली. बरीच वर्षे इस्पितळात काढून तो १९६७ साली वारला.

पण त्या आजारपणातच, १९६१ च्या जानेवारीत, एकोणीस वर्षांचा एक पोरगा त्याला शोधत न्यूयॉर्कला आला आणि त्याला त्याचीच गाणी गाऊन दाखवू लागला. तो बॉब डिलन. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. त्यानंतरचा ब्रूस स्प्रिंगस्टीन. त्याने १९८२ च्या आरंभी भाड्याच्या घरात एकट्याने, साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नमुना म्हणून भरली. मग मोठा वाद्यमेळ घेऊन तीच पुन्हा करून पाहिली, तर त्यांतला जीव गेला. अखेर ती घरगुती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. संकरित बियाणे आणून पुन्हा घरच्या वाणाकडे वळावे, तसे.

१९८५ साली आफ्रिकेतल्या भुकेलेल्यांसाठी मोठा जलसा झाला. डिलन त्यात साधी गिटार घेऊन उभा राहिला आणि गाता गाता म्हणाला की यातला थोडा पैसा आपल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांची गहाणे सोडवायला देता आला तर बरे. भलत्या वेळी बोलला म्हणून काहींनी त्याला नावे ठेवली. पण तेव्हा तिथे खरोखरच जमिनींचे लिलाव चालले होते. विली नेल्सन, नील यंग, जॉन मेलनकँप यांनी ते मनावर घेतले आणि त्याच सप्टेंबरात इलिनॉयमध्ये 'फार्म एड' हा जलसा केला.

हे सगळे पुतण्या सांगत होता. मग त्याने एक गाणे म्हटले आणि त्याची गोष्ट सांगितली. २८ जानेवारी १९४८ ला कॅलिफोर्नियात एक विमान कोसळले. बत्तीस माणसे गेली. त्यांतले अठ्ठावीस मेक्सिकोचे शेतमजूर, हंगाम संपल्यावर परत पाठवले जात असलेले. बातमीत चालकाची आणि सोबतच्या माणसांची नावे आली. मजुरांना नुसते 'परत पाठवलेले' म्हटले. गथ्रीला ते लागले. त्याने त्यावर कविता लिहिली, चाल पुढे दुसऱ्या एकाने लावली. मजुरांना फ्रेस्नोमध्ये एकाच खड्ड्यात पुरले होते, दगडावर नाव नव्हते.

मी गप्पच झालो. माझ्या कपाटात असे किती तक्ते आहेत: एकूण बाधित शेतकरी इतके, एकूण क्षेत्र इतके.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटेल तेवढे मराठीत करून सांगितले. तिने विचारले, "मग कुणी काढली का रं त्यांची नावं?"

"काढली," पुतण्या म्हणाला. "२०१३ मध्ये. नवा दगड बसवला, अठ्ठावीस जणांची नावं कोरून."

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आमच्या टोळीत नऊ बाया होत्या. आणि बोटे मोडीत एकेकीचे नाव घेऊ लागली, माहेरच्या गावासकट. सातव्या नावाला अडली. पुतण्याने गिटार बाजूला ठेवली होती. ते नाव तिला दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळताना आठवले.